एक रेडर आणि पाचशे एक रुपये

मराठी विभागासाठी लेख द्या अशी नोटीस लागली तेव्हा रूमवर बरीच चर्चा झाली. पावसावर, आईवर आणि 'पहिल्या नजरेतल्या' विषयावर लिहिणारे आपल्या कॉलेजात पुष्कळ आहेत. रूममेट म्हणाला, "तू कबड्डीवर लिही बे, तुले दुसरं येते काय?" बोलणं लागलं, पण खरं होतं. तर मित्रांनो, कबड्डी. त्यातही कव्हर. आणि त्यातही एका कव्हरच्या किमतीची गोष्ट. ती किंमत मला पक्की माहीत आहे, कारण तो कव्हर मीच होतो.

माझं गाव दारव्ह्याहून दिग्रसकडे जाताना रस्त्यापासून चार किलोमीटर आत आहे. कापूस, सोयाबीन, तूर, आणि उरलेल्या वेळात कबड्डी. सोयाबीन निघालं, कापसाचे दोन वेचे झाले की गावोगावी फ्लेक्स लागतात... 'भव्य कबड्डीचे सामने, वजन गट ६० किलो'. खाली बक्षिसं, आणि त्याच्या खाली बक्षिसं देणाऱ्यांचे फोटो. फोटोंना जागा पुरावी म्हणून खेळाडूचं चित्र नेहमी कोपऱ्यात. वजन मोजायला ज्या काट्यावर कापूस मोजतात तोच काटा. त्यावर उभं राहण्याआधी अर्धी टीम पटांगणाला चकरा मारत असते, कोणी दिवसभर पाणी प्यायलेलं नसतं. माझं तेव्हा ५९ भरायचं, त्यामुळे मी निवांत. हे वजनाचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमच्या मंडळात माझी जागा लेफ्ट कव्हरची. ज्यांनी कबड्डी फक्त टीव्हीवर पाहिली त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सात जणांत दोन टोकांना दोन कॉर्नर. रेडर आत आला की कॉर्नर त्याचा घोटा धरतो. फोटो त्याचा निघतो, शिट्टी त्याच्या नावानं वाजते. पण नुसता घोटा धरून साठ किलोचा माणूस थांबत नाही. तो मध्यरेषेकडे झेप घेतो आणि कॉर्नरला सोबत फरफटत नेतो. त्या झेपेच्या आड जो उभा राहतो तो कव्हर. रेडर आणि मध्यरेषा यांच्यामध्ये जाऊन उभं राहणं, एवढंच त्याचं काम. ते वेळेवर झालं तर कोणाला दिसत नाही, आणि उशिरा झालं तर सगळ्या गावाला दिसतं. प्रो कबड्डीतही यशस्वी पकडीचा गुण ज्यानं पकड सुरू केली त्याच्याच नावावर लागतो. मागून येऊन अंगावर पडणारे तिघे फक्त धूळ झटकून उठतात.

आमचा लेफ्ट कॉर्नर म्हणजे माझा बालवाडीपासूनचा मित्र. गावात त्याला सगळे 'कॉर्नर'च म्हणतात, शाळेतल्या बाई सोडून, म्हणून मीही इथे तेच म्हणतो. आमच्यात इशारे वगैरे काही नव्हते. त्याचा डावा पाय मागे सरकला की तो आता जाणार, हे मला कळायचं. का कळायचं ते सांगता येणार नाही. दहा वर्षं एका बाकावर बसलं की माणूस कधी खोटं बोलणार हेही आधी कळतं, तसंच काहीसं.

आता सौद्याकडे येतो.

जानेवारी २०२४. मी सेकंड इयरला, थर्ड सेमचा पेपर संपवून घरी गेलेलो. (एम-थ्री कसा गेला ते विचारू नका.) आमच्या मंडळाचा कॅप्टन म्हणजे माझा चुलतभाऊ, दादा. दादाची अडचण अशी की त्या वर्षी टीमला रेडरच नव्हता. एक पुण्याकडे कंपनीत लागला, दुसरा लग्न करून 'सेवानिवृत्त' झाला. शेजारच्या गावाकडे दोन चांगले रेडर, पण बचाव सगळा फाटका. आमच्याकडच्या स्पर्धांत बाहेरगावचा खेळाडू चालतो, फक्त वजन जुळायला पाहिजे. आपल्याकडे वही उघडून हिशेब करणारे दादासारखे लोक कमी नाहीत. आणि मंडळाची वही होतीच. कोणी किती गुण आणले, कोणी किती पकडी केल्या, सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं. त्या हंगामात कॉर्नरच्या नावावर एकोणीस पकडी होत्या. माझ्या नावावर चार.

संध्याकाळी पारावर दादा म्हणाला, "तू या खेपेले त्यायच्याकडून खेळ. त्यायचा रेडर आपल्याकडे येऊन राह्यला."

मला आधी गंमतच वाटली. मग कळलं की बोलणी आदल्या दिवशीच झाली होती.

"मले इकून टाकलं का?"

"इकलं नाही लेका, अदलाबदल केली. वरून आपली पाचशे एक रुपये एंट्री बी तेच भरून राह्यले."

म्हणजे हिशेब करा. ते आपला रेडर देतात, वरून पाचशे एक देतात, आणि घेतात मला! एका कव्हरची किंमत एक रेडर अधिक पाचशे एक. खरं तर माझा भाव चांगलाच आला होता, आणि दुसरा कोणी असता तर मीच त्याला पार्टी मागितली असती. पण त्या रात्री मी जेवलो नाही. माय म्हणाली, "दादा वाईट करणार हाय काय तुहं?" तिला कसं सांगू की वाईट चांगल्याचा प्रश्न नव्हता, त्या वहीतल्या 'चार' या आकड्याचा होता. दादाला माझ्याऐवजी काय मिळणार हे लिहिलेलं होतं, काय जाणार हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. आणि मीही तोंडानं सांगू शकलो नाही. "मी नसलो तर कॉर्नरचं काय?" असं विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. मला माझंच दुःख जास्त होतं.

सामने दोन दिवसांचे, रात्री लाइटवर. मी शेजारच्या गावाची पिवळी जर्सी घालून गेलो तर आमच्या गावचे पोट्टे शिट्ट्या मारत होते. शेजारच्या गावाची मंडळी मात्र भली. पहिल्या मॅचला त्यांचा कॉर्नर घोट्याला गेला तेव्हा मी उलट्या बाजूला झुकलो होतो. रेडर सुटला. कॉर्नर काही बोलला नाही, पण मला समजलं की त्याचा पाय मागे सरकतच नाही, तो खांद्यातून निघतो. दुसऱ्या मॅचपर्यंत थोडं जमलं. म्हणजे मी गेलो तिथंही मी 'एक कव्हर' एवढाच पोचलो होतो, दहा वर्षांची ओळख काही सोबत आली नव्हती. ती गावातच राहिली, आणि तिथंही कोणाच्या कामाची नव्हती.

उपांत्यपूर्व फेरीत आमच्या गावाची मॅच आर्णीकडच्या एका टीमशी होती. आमची मॅच त्यानंतर, म्हणून मी रेषेबाहेर बसून पाहत होतो. दादानं माझ्या जागी एक उंच पोरगा उभा केला होता. तयारीचा, ताकदीचा, माझ्यापेक्षा चार किलो जड नसता तर वजनातही बसला असता... म्हणजे बसवला होता, दोन दिवस उपाशी ठेवून. मॅच मस्त चालली होती. बदलीत आलेला रेडर खरोखरच देखणा खेळत होता, एका चढाईत तीन गडी घेऊन परतला तेव्हा मीही पिवळ्या जर्सीत टाळ्या वाजवल्या. सौदा बरोबर होता हे मला तिथेच पटायला लागलं होतं, आणि त्याचा रागही येत होता.

मग आर्णीच्या रेडरची चढाई. कॉर्नरचा डावा पाय मागे सरकला. मी रेषेबाहेर बसल्या जागी उठलो. विचार करून नाही, अंग आपोआप उठलं. कॉर्नर घोट्याला गेला, धरलं, रेडरनं झेप घेतली. उंच पोरगा आला, पण अर्धा सेकंद उशिरा, आणि समोरून न येता बाजूनं. रेडरच्या आड तो आलाच नाही. कॉर्नर हात सोडणाऱ्यांतला नाही. रेडर मध्यरेषेपर्यंत गेला आणि कॉर्नरचा उजवा हात त्याच्यासोबत गेला. खांदा जागचा निसटला.

त्याला मोटरसायकलवर मध्ये बसवून दारव्ह्याला नेलं. मी नेलं नाही. माझी मॅच होती, मी पिवळ्या जर्सीत होतो. फायनल आमच्या दोन गावांतच झाली आणि माझं गाव जिंकलं. रेडरनं त्यात अकरा गुण घेतले, त्यातले दोन माझ्या हातून सुटून. दादानं कप उचलला. वहीत पाहाल तर सौदा शंभर टक्के बरोबर.

कॉर्नरचा खांदा बसवला, पट्टा बांधला, पण तो पोलीस भरतीची तयारी करत होता. भरतीच्या मैदानी चाचणीत पन्नास मार्क असतात. सोळाशे मीटरला वीस, शंभर मीटरला पंधरा आणि गोळाफेकीला पंधरा. जून २०२४ मध्ये मैदानी सुरू झाली. धावण्यात त्यानं काही ठेवलं नाही. गोळा मात्र पाचच महिन्यांपूर्वी निसटलेल्या खांद्यानं टाकायचा होता. तीन मार्कांनी गेला.

आता तुम्ही म्हणाल, हा योगायोग. खांदा तू असतास तरी निघाला असता. मीही दीड वर्ष हेच म्हणतोय. पण एखादी अदलाबदल बरोबर की चूक हे ठरवायचं कसं, हा प्रश्न त्या दिवसापासून डोक्यातून जात नाही. त्यामुळे मी प्रो कबड्डीही वेगळ्या नजरेनं पाहायला लागलो. त्यात नेमकं आपल्या पुण्याच्या टीमनं माझ्यासाठी जणू उदाहरणच सोडवून दाखवलं. सोडवून म्हणजे, उत्तर न काढता.

पुणेरी पलटणचा डावा कॉर्नर २०२२ मध्ये इराणचा फझल अत्राचली होता. लिलावात त्याला १ कोटी ३८ लाख दिले होते. टीम फायनलला गेली आणि जयपूरकडून २९-३३ अशी हरली. मग त्याला सोडलं आणि ऑक्टोबर २०२३ च्या लिलावात इराणचाच दुसरा डावा कॉर्नर आणला, मोहम्मदरेझा शादलू, २ कोटी ३५ लाखांना. एका टीमला सगळे खेळाडू मिळून पाच कोटी खर्चायची मुभा होती. म्हणजे जवळजवळ निम्मी थैली एका डाव्या कोपऱ्यावर! हॉस्टेलवर सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं. पण शादलूनं त्या हंगामात बचावाचे ९९ गुण घेतले, आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पुणे पहिल्यांदा चॅम्पियन झालं. ती फायनल मी आणि कॉर्नरनं त्याच्या ओसरीवर माझ्या मोबाइलवर पाहिली. पट्टा निघाला होता, पण हात वर जात नव्हता. जिंकल्यावर त्यानं एकाच हातानं टाळी वाजवली, मांडीवर.

आणि मग ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्यानं शादलूला सोडून दिलं. चॅम्पियन टीमनं, सर्वोत्तम बचावपटूला! लिलावात तो हरियाणाकडे गेला, २ कोटी ७ लाखांना. पुण्याची बाजू कळण्यासारखी होती. अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, गौरव खत्री, अबिनेश नादराजन, संकेत सावंत... सगळे तरुण पोरं, सगळ्यांना धरून ठेवायचं तर पैसे कुठून तरी वाचवायला पाहिजेत. दोन कोटींत दोन-तीन चांगले खेळाडू येतात. दादानं हा निर्णय वाचून मला फोन केला होता. "पाय, पुणेवाले बी माह्यासारखाच विचार करते." मी फोन ठेवून दिला.

पुढचा हंगाम आठवतोच. पुणे पहिल्या सहांतही आलं नाही, आणि हरियाणा पहिल्यांदा चॅम्पियन झालं. फायनल कुठे? पुण्यातच, बालेवाडीला, २९ डिसेंबर २०२४. पटनाला ३२-२३ असं हरवून. ज्या शहरानं सोडलं त्याच शहरात शादलूनं कप उचलला. मी रूमवर उड्या मारल्या. रूममेटला वाटलं मी हरियाणाचा झालो. मी लगेच दादाला फोन लावला. "पाह्यलं?"

दादा शांतपणे म्हणाला, "अस्लमचा गुडघा गेला होता ना बे मधातच. त्याचं काय?"

आणि ते खरं होतं. कॅप्टन दुखापतीनं हंगामाच्या मध्येच बाहेर गेला होता. शादलू असता तरी काय झालं असतं, कोण सांगणार? पुढच्या वर्षी तर गणित पूर्ण उलटं झालं. शादलूला गुजरातनं २ कोटी २३ लाखांना घेतलं, त्या लिलावातली सगळ्यात मोठी बोली. गुजरात पहिल्या आठांतही आलं नाही. आणि पुणे, त्याच्याशिवाय, फायनलला! ३१ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीत दबंग दिल्लीकडून २८-३१ असं हरलं, अवघ्या तीन गुणांनी. दिल्लीच्या बचावात कोण होता? फझल अत्राचली. पुण्यानं सोडलेला पहिला. (हे लिहिताना मलाच हसू येतंय.)

म्हणजे पुण्यानं एक डावा कॉर्नर सोडला आणि चॅम्पियन झालं, दुसरा सोडला आणि घसरलं, मग दोघांशिवाय फायनलला जाऊन पहिल्याकडूनच हरलं. यातून 'सौदा बरोबर' हेही सिद्ध होतं आणि 'सौदा चूक' हेही. ज्याला जे पाहिजे ते त्यानं घ्यावं.

माझा एक मावसभाऊ अमेरिकेत ह्यूस्टनला नोकरीला आहे. दिवाळीत त्याचा फोन आला तेव्हा मी त्याला हे रामायण सांगितलं, तर तो म्हणाला, हे तर आमच्याकडेही झालंय. तिथला फुटबॉल म्हणजे आपला पायाचा नव्हे, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा. त्यात चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक हा हिरो. त्याच्यापुढे पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे असतात, लाइनमन. बहुतेकांच्या हाताला सगळ्या मॅचमध्ये चेंडू लागतसुद्धा नाही! त्यांचं काम एकच, मागच्याला पाडू न देणं. म्हणजे आमच्यासारखंच, आड उभं राहणं. ह्यूस्टनच्या टीमचा क्वार्टरबॅक २०१८ च्या हंगामात ६२ वेळा पाडला गेला, सगळ्या लीगमध्ये जास्त. म्हणून ऑगस्ट २०१९ च्या शेवटच्या दिवशी त्यांनी मायामीकडून लॅरमी टन्सिल नावाचा लाइनमन आणला, आणि बदल्यात नवीन खेळाडू निवडायचे पहिल्या फेरीचे दोन आणि दुसऱ्या फेरीचा एक असे हक्क देऊन टाकले. म्हणजे घरातलं बियाणं देऊन बैल आणल्यासारखं. पुढच्या हंगामात क्वार्टरबॅक ४४ वेळाच पडला. पण २०२० मध्ये टीम सोळापैकी चारच मॅच जिंकली, आणि वाईट टीमला आधी निवडायला मिळतं हा तिथला नियम असल्यामुळे दिलेला हक्क चक्क तिसऱ्या नंबरचा निघाला, मायामीच्या हातात. भाऊ म्हणतो, ऑफिसात अजून भांडणं होतात. २०२५ मध्ये तर ह्यूस्टननं त्याच टन्सिलला वॉशिंग्टनला देऊन टाकलं, तरी भांडण मिटलं नाही.

मी विचारलं, "त्या लाइनमनचं नाव वहीत कुठे लिहितात?" तो म्हणाला, "त्याचे गुण नसतातच रे. मागचा किती वेळा पडला ते मोजायचं."

मागचा किती वेळा पडला! हे दादाच्या वहीत नव्हतं.

आपण स्थापत्यवाले हे थर्ड इयरलाच शिकलोय खरं तर. एक टोक भिंतीत पक्कं आणि दुसऱ्या टोकाखाली टेकू असलेली तुळई घ्या, प्रॉप्ड कँटिलिव्हर. सगळ्या लांबीवर सारखा भार. भिंतीतल्या टोकावरचा मोमेंट डब्ल्यू एल वर्ग भागिले आठ. आता टेकू काढा. मोमेंट डब्ल्यू एल वर्ग भागिले दोन. तुळई तीच, भार तोच, भिंतीतल्या टोकावर चौपट. टेकूनं स्वतः फारसं काही उचललेलं नसतं, अर्ध्याहूनही कमी, भाराचे तीन अष्टमांश. वहीत लिहायचं तर तेवढंच लिहाल. पण तो काढल्यावर जे वाढतं ते त्याच्या नावावर लिहिलेलं नसतं, ते दुसऱ्या टोकाला जाऊन बसतं. सरांनी हे फळ्यावर सोडवलं तेव्हा सगळी क्लास उतरवून घेत होती आणि मला कॉर्नरचा खांदा दिसत होता.

म्हणून माझं मत असं झालंय, चुकत असेल तर सांगा. दादाचा सौदा खेळ म्हणून चुकीचा नव्हता. रेडर पाहिजेच होता, आणि तो आला नसता तर टीम पहिल्या फेरीतच घरी आली असती. चूक असेल तर ती नंतरची. मला दिल्यावर कॉर्नरला पूर्वीसारखं घोट्याला जाऊ द्यायचं नव्हतं. 'आता तुझ्या मागं नवीन माणूस आहे, दोन दिवस थांबून खेळ, धरलंस आणि कोणी आलं नाही तर सोड', एवढं कोणीतरी सांगायला पाहिजे होतं. पुण्यानं शादलू सोडला तर तो डावा कोपरा नुसता भरायचा नव्हता, त्याच्या शेजारच्यांचा खेळही बदलायचा होता, आणि मला वाटतं ते बदलायला त्यांना एक अख्खा हंगाम लागला. आमच्याकडे तेवढा वेळ नव्हता. आमच्याकडे दोन रात्री होत्या. आणि सांगायचं कोणी, तर ज्याला माहीत होतं त्यानं. उंच पोराला 'त्याच्या डाव्या पायाकडे पाय' एवढं एक वाक्य मी सांगू शकलो असतो. पिवळी जर्सी घेऊन मी त्याच्या शेजारून दोनदा गेलो होतो. फुगलेलो होतो, म्हणून नाही सांगितलं.

हे मी दादाला गेल्या दिवाळीत बोललो. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "त्याच्या दवाखान्याचा खर्च मंडळानं देल्ला होता." मला माहीत नव्हतं. बक्षिसाचे सगळे पैसे त्यातच गेले होते, कप तेवढा उरला. तो अजून त्याच्या घरी टीव्हीवर आहे, वरून रुमाल टाकलेला.

कॉर्नरला विचारलं तर तो वेगळंच बोलतो. "दादाच्या जागी मी असतो तं मी बी तुले देल्लं असतं. तुह्या चारच पकडी होत्या बे." आणि हसतो. त्याला मी डाव्या पायाचं सांगितलं तेव्हा मात्र हसला नाही. त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं की त्याचा पाय मागे जातो. "दहा वर्षं तू माह्या पायाकडे पाहून राह्यला होता?" म्हणाला. मग तिथंच ओसरीवर उभा राहून दोन-तीनदा करून पाहिलं. पाय जातोच.

आता तो पुन्हा भरतीची तयारी करतोय. गोळा बऱ्यापैकी जातो. डॉक्टर म्हणतात धावायला हरकत नाही, कबड्डी नको. आणि परवा दादाचा फोन आला. बदलीतला रेडर चाकणला कामाला लागला, उंच पोऱ्या लष्करात गेला, शेजारच्या गावाशी या वर्षी बोलणी नाहीत. "येतं काय? आपल्याच जर्सीत." मी म्हटलं, लेफ्ट कॉर्नरला कोण? दादा म्हणाला, पाहू. संध्याकाळी लगेच कॉर्नरचा फोन. "तू कव्हरले असशील तं मी एक डाव उतरतो. नसशील तं नाही."

मी त्याला नाही म्हणालो. त्याचा गोळा, त्याचे पंधरा मार्क, सगळं ऐकवलं. तो 'हाव हाव' म्हणत राहिला. दोन्हीकडून हट्ट. शेवटी मी म्हटलं, तू कॉर्नरला नाही, इनला उभा राहा, घोट्याला जायचं नाही, तर मी येतो. तो म्हणाला, "अन् घोट्याले कोण जाईन?"

म्हटलं, मी.

फोन ठेवल्यावर मेसमागच्या किराणा दुकानातल्या काट्यावर उभा राहिलो. त्रेसष्ट. फायनल इयरचा प्रोजेक्ट आणि मेसचा भात, दोन्ही अंगावर आलेत. सामन्यांना अठरा दिवस आहेत. कालपासून भात बंद केलाय.

— अंतिम वर्ष, स्थापत्य